ब्रेकमध्ये बोलू

ब्रेक

मगदूमांच्या घरात आजवर जे काही ठरलं, ते जाहिराती चालू असताना ठरलं.

नवरा अभिनंदन गेल्यावर त्रिशलानं माहेरी जायचं की मिरजेतच राहायचं, हे कपड्यांच्या साबणापासून गुडघ्याच्या तेलापर्यंतच्या वेळात ठरलं. तिचे सासरे दिगंबर मगदूम, ज्यांना ती आणि अख्खी गल्ली अण्णा म्हणते, पडद्याकडे बघत म्हणाले होते, "जायचं तर जा. राहायचं तर राहा. खोली तुझीच आहे." त्रिशलाही पडद्याकडेच बघत म्हणाली होती, "राहते." पडद्यावर एक बाई गुडघा चोळत होती. मग मालिका सुरू झाली आणि दोघंही सुटली.

त्रिशलाची पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी. अण्णांचा मोतीबिंदू. अभिनंदनची मोटरसायकल विकायची की ठेवायची. सगळं असंच. "ब्रेकमध्ये बोलू," असं एकानं म्हटलं की दुसऱ्याला कळायचं, विषय जड आहे.

ब्रेकमध्ये बोलायचे फायदे होते. एकमेकांकडे बघावं लागत नाही. रडू फुटायच्या आत वेळ संपते. आणि दोघं गप्प बसली तरी घर गप्प वाटत नाही, कारण साबण बोलत असतो.

टीव्ही बंद करून सरळ बोलायला काय झालं?

तेच तर. या घरात टीव्ही बंद व्हायचा तो फक्त सुतकात. सासूबाई गेल्या तेव्हा झाला. चार वर्षांपूर्वी अभिनंदन गेला तेव्हा झाला, आणि वर जुनी चादर टाकली गेली. त्यानंतर पडदा काळा झाला की अण्णांचा हात आधी छातीवर जायचा. मागच्या उन्हाळ्यात ऐन मालिकेत अंधार झाला, तेव्हा ते ताडकन उठून ओरडले होते, "कोण गेलं?"

"लाईट गेली, अण्णा. बसा."

बसले. पण लाईट येईपर्यंत हात छातीवरच होता.

शिवाय संध्याकाळ लांब. मगदूम जैन. दिवस मावळायच्या आत जेवण, भांडी, मग चूल बंद. त्यानंतर झोपेपर्यंत जी मोकळी संध्याकाळ उरते, ती 'मंजिरीचं माप' या मालिकेनं भरायची. मंजिरी, तिचा बंगला, तिची कारस्थानी जाऊ, तिचा ड्रायव्हर बाळू. आणि मधे मधे ब्रेक.

इरफान येतो

"अण्णा, पेढे काढा. ब्रेक गेला."

केबलवाला इरफान दारातच चपला काढत म्हणाला. त्याच्या हातात डब्याएवढं पांढरं खोकं होतं. वर अक्षरं: अखंड.

"गेला म्हणजे?"

"बंद. जाहिरातच नाही. मंजिरी सुरू झाली की सलग. कंपनी सगळ्या गल्लीला फुकट बसवून देतीय."

"फुकट?" अण्णा आयुष्यभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलेले. फुकट शब्दावर त्यांची भुवई आपोआप वर जाते. "जाहिरात नाही, पैसे नाहीत. मग कंपनी खाती काय?"

"ते कंपनी बघंल की. तुम्ही मंजिरी बघा."

त्यानं खोकं टीव्हीमागं जोडलं आणि टिकलीएवढं काळं काहीतरी पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवलं.

"हे काय?"

"तुम्ही बसलाय का उठलाय ते बघतंय. कुणी नसलं की आपोआप झोपतंय. वीज वाचती."

त्या संध्याकाळी मंजिरी खरोखरच सलग चालली. तिच्या सासऱ्यांचा गुडघा दुखला, तिनं कपाटातून एक निळी बाटली काढली, पायाशी बसून तेल लावलं, सासऱ्यांनी डोळे पुसले.

"बघ," अण्णा खूश होऊन म्हणाले, "ब्रेक नाही, काही नाही." आणि थोड्या वेळानं, "तेल कुठलं गं ते?"

ब्रेक नाही

त्रिशलाला अण्णांना एक गोष्ट सांगायची होती. तिचं लग्न ठरलं होतं.

सुकुमार उपाध्ये. लॅबमधली रक्त तपासायची मशीन बिघडली की कोल्हापूरहून येणारा इंजिनियर. दोन वर्षं तो येत होता आणि हल्ली मशीन बरी असतानाही येत होता. दोघांचं बोलणं झालं होतं. सुकुमारची आई मात्र म्हणाली, "मगदूम अण्णांना भेटल्याशिवाय मी पुढं पाऊल टाकणार नाही. एका घरातली मुलगी आणायची, तर त्या घराला विचारायला नको?" त्यांनी दिवसही सांगून टाकला. पुढच्या महिन्यातला पहिला रविवार.

म्हणजे त्याच्या आत अण्णांना कळायला हवं होतं, आणि ते त्रिशलाच्या तोंडून. एवढीशी तर गोष्ट.

त्रिशला : अण्णा, मला जरा—

मंजिरी : थांबा! कुणी हलायचं नाही!

(अण्णा हलत नाहीत.)

दुसरा दिवस.

त्रिशला : अण्णा, लॅबमध्ये ते उपा—

जाऊबाई : (जिन्यावरून गडगडत) आई गंऽऽ!

अण्णा : पडली! बघ, पडली! बरी खोड मोडली.

तिसरा दिवस. त्रिशला ठरवून शांत प्रसंगाची वाट बघते. मंजिरी एकटी तुळशीपाशी बसली आहे. वारासुद्धा नाही. त्रिशला तोंड उघडते.

तुळशीमागून पोलीस.

चौथ्या दिवशी तिनं बोलायचं नाही असं ठरवलं आणि नुसताच श्वास घेतला. बोलायच्या आधी घेतात तसा. मंजिरीच्या हातातला आरसा खाली पडून फुटला.

तिनं पुन्हा श्वास घेतला. बंगल्याची बेल वाजली.

पुन्हा. फोन वाजला.

त्रिशला उठून स्वयंपाकघरात गेली आणि अंधारातच ओट्याला धरून उभी राहिली. बाहेरून अण्णांचा आवाज आला, "अगं कुठं गेलीस? रंगात आलीय!"

जिना

खालच्या मजल्यावरच्या शेडबाळे काकू दूध घेऊन वर येत होत्या, त्रिशला लॅबला निघाली होती.

"काय गं, त्या बाळूला मंजिरीनं हाकलला ते बरंच झालं. थेरडा चोर मेला."

"हाकलला? कधी?"

"काल."

"काल तर बाळूनं तिला दवाखान्यात नेलं. आणि थेरडा कुठं, काकू? तिशीचा तर आहे."

"तिशीचा? पन्नाशीचा टकल्या आहे की!"

दोघी पायरीवर एकमेकींकडे बघत राहिल्या. मग काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या स्वतःही पायरीवर बसल्या.

"म्हणजे तुमची मंजिरी वेगळी नि आमची वेगळी? मग माणसानं दुसऱ्या दिवशी बोलायचं काय एकमेकांशी?"

काकूंनी त्रिशलाला हात धरून खाली बसवलं.

"उशीर होऊ दे जरा. सांग, तुमच्याकडं काय काय झालं?"

बाळू

आता बाळूबद्दल.

पहिल्या आठवड्यात बाळू हा एक ड्रायव्हर होता. पांढरा शर्ट, टोपी, "गाडी काढू का बाईसाहेब" एवढंच वाक्य.

दुसऱ्या आठवड्यात त्याची टोपी गेली. केस कपाळावर आले. ते मागे सारताना तो मान उजवीकडे झटकायचा.

पुढे त्याचा आवाज किंचित बसका झाला. मग हसताना खालचा ओठ एका बाजूला ओढला जाऊ लागला. मग एका संध्याकाळी तो मंजिरीच्या बंगल्यात भिंतीला पाठ लावून, एक पाय मुडपून उभा राहिला, आणि त्रिशलाच्या हातातली निवडत असलेली मेथी तशीच हातात राहिली.

तिनं आणि अण्णांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

अण्णा आता संध्याकाळी दाढी करू लागले. खुर्ची हातभर पुढे सरकली. बाळू जो चहा प्यायचा तो चहा घरात आला, बाळू ज्या गादीवर टेकून मंजिरीशी बोलायचा ती गादी अण्णांनी इरफानला सांगून मागवली. शेडबाळे काकूंनी गादी बघून विचारलं, "पाठ दुखतीय का अण्णा?" अण्णा म्हणाले, "नाही. चांगली आहे, म्हणून."

आणि त्रिशला? ती लॅबमधून वेळेवर निघू लागली. आधी सुकुमारबरोबर बस स्टँडजवळ चहा व्हायचा. आता ती म्हणायची, "आज नको, उशीर होतोय."

"कशाला?" सुकुमारनं एकदा विचारलं.

ती काय सांगणार होती?

मशीनच्या मागे

मशीनचं मागचं झाकण उघडं होतं. सुकुमार आत डोकं घालून काम करत होता. त्रिशलानं त्याच्या पाठीला विचारलं, "टीव्हीला माणसाचा श्वास कळतो का रे?"

तो बाहेर आला. त्याला मशीनबद्दल विचारलं की तो लहान मुलासारखा उजळतो.

"कळतो की. आधी हे समजून घे की पूर्वी मालिका चित्रित व्हायची ती तशीच्या तशी सगळ्यांच्या घरी यायची. आता घरी येतो तो नुसता सांगाडा. गोष्ट, जागा, चेहऱ्यांची ढोबळ मापं. त्यात रंग भरतो तो तुमच्या टीव्हीमागचा डबा, तुम्ही बघत असताना. म्हणून त्याला कुणाच्याही हातात काहीही देता येतं. शेजारी चहा, तुमच्याकडं तेल."

"पण कुणाला काय द्यायचं हे त्याला कोण सांगतं?"

"तू सांगतेस. डोळ्यानं. बुबुळाच्या मधली ती काळी बाहुली आहे ना, ती उजेडात लहान होते, अंधारात मोठी. पण उजेड तेवढाच असताना मनाजोगतं काही दिसलं तरी ती जराशी मोठी होते. आपल्याला कळत नाही, थांबवता येत नाही. डबा तेवढंच मोजतो. चित्रात केसभर बदल करतो. बाहुली उघडली, तर बदल ठेवतो. नाही उघडली, तर टाकतो. आपल्याकडं तंबोरा लावणारा खुंटी कशी पिळतो? पुढं कुठला राग गाणार हे त्याला ठाऊक नसतं. तार बोलली की तो थांबतो. तसंच."

"आणि श्वास?"

"बोलायच्या आधी ओठ सुटतात, खांदा थोडा वर जातो. डब्याला एवढं कळलंय की हे झालं की समोरच्याचे डोळे पडद्यावरून हलणार. मग तो त्याच क्षणी काहीतरी आपटतो, फोडतो, कुणाला तरी रडवतो. त्रिशला, एका जाहिरातीला दुसऱ्या जाहिरातीची भीती नसते. भीती असते शेजारी बसलेल्या माणसाची."

त्रिशला म्हणाली, "असा तो चेहरासुद्धा बनवू शकेल? खऱ्या माणसाचा?"

"फोटो दिला तर."

"फोटो न देता."

सुकुमार हात पुसत होता. पुसता पुसता थांबला. दोन वर्षांत त्यानं अभिनंदनबद्दल स्वतःहून काही विचारलं नव्हतं. आताही नाव घेतलं नाही.

"दोघंही एकाच चेहऱ्याची वाट बघत असतील," तो हळू म्हणाला, "तर केसभर केसभर करत तो तिथंच जाणार. त्याला कळणारही नाही की त्यानं कुणाला काढलंय. खूप हुबेहूब आहे?"

"जवळपास. मधेच कुठंतरी वेगळा वाटतो."

"मी येऊन त्या कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवू?"

"नको."

किती पटकन म्हणाली ती. दोघांनाही ते ऐकू आलं. सुकुमारनं मान हलवली, स्क्रू उचलले, आणि झाकणाकडे बघत म्हणाला, "रविवारी आईला आणू ना?"

"आण."

"सांगितलंस अण्णांना?"

"सांगते."

शनिवार

रविवारच्या आधीचा दिवस. जेवण झालेलं, भांडी झालेली. अण्णा दाढी करून खुर्चीत. त्रिशला बाजूला चटईवर. तिनं वाक्य पाठ केलं होतं. वाक्य असं होतं: अण्णा, उद्या—

बाळू आला.

मंजिरीच्या स्वयंपाकघरात अंधार होता, त्यानं दिवा लावला. भिंतीवरच्या घड्याळात रात्रीचे नऊ वाजून गेलेले. बाळूनं केस मागे झटकले, गॅसवर पाणी ठेवलं, शेवयांचं एक लाल पाकीट दातानं फोडलं. पाकिटाचं नाव बरोबर समोर. मग तो ओट्याशी उभ्यानंच, डावं कोपर टेकून, वाफाळतं वाडगं खाऊ लागला. खाता खाता त्यानं मान वर केली आणि सरळ समोर बघून विचारलं, "भूक लागलीय का कुणाला?"

"हे चूक आहे," अण्णा म्हणाले.

त्रिशलानं मान वळवली.

"साफ चूक आहे. रात्री नऊला? आमचा अभी कधी रात्री जेव—"

नाव बाहेर पडलं होतं. चार वर्षांत पहिल्यांदा, या खोलीत, मोठ्यानं.

पडद्यावर वीज कडाडली. कुणाच्या तरी किंकाळीनं काचा थरथरल्या. त्रिशला अण्णांकडे बघत होती. तिला रडू येईल असं वाटलं, आणि आलं ते भलतंच. तिला हसू आलं.

"जेवायचा की, अण्णा."

"कोण?"

"अभी. रात्री. स्टँडसमोरच्या गाड्यावर."

"काय जेवायचा?"

"अंडाभुर्जी."

"अंडं?"

"दोन प्लेटा. पाव वेगळा. वर कांदा चिरून."

अण्णांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. मंजिरीचा बंगला जळायला लागला होता. "म्हणजे, घरी सहाला भाकरी खाऊन पुन्हा?"

"घरची भाकरी चहासारखी असायची त्याला. नऊला म्हणायचा, चक्कर मारून येतो."

"आणि तो बडीशेप खायचा आल्यावर! मूठभर! मी म्हणायचो, पोराला पचनाचा त्रास आहे. मी सांगलीहून चूर्ण आणून द्यायचो त्याला!"

"ते जास्वंदीच्या कुंडीत जायचं."

"म्हणून ती जास्वंद वाळली होय!"

आता अण्णाही हसत होते, पण त्यांच्या गालावरून पाणी चाललं होतं, आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. "अंडाभुर्जी," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, एखाद्या नव्या पाहुण्याचं नाव पाठ करावं तसे. "अंडाभुर्जी. गाढव. सांगायचं तरी होतं."

"तुम्हाला?"

"मला नाही... पण." ते थांबले. "आठ वर्षांचा असताना त्यानं पर्युषणात उपास धरला होता. दुपारी चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, मोड बाळा, लहानांना चालतं. तर म्हणाला, तुम्ही नाही मोडत, मग मी कशाला? तुला हे सांगितलं होतं त्यानं?"

"नाही."

"आणि हे बघ, हा असा कोपर टेकून खातोय. अभी कोपर टेकवायचा नाही."

"टेकवायचा."

"माझ्यासमोर नाही."

"तुमच्यासमोर नाही," त्रिशला म्हणाली.

दोघांनी एकदमच टीव्हीकडे पाहिलं. जळत्या बंगल्यातून बाळू सावकाश बाहेर येत होता. हातात वाडगं तसंच. चांगला दिसत होता.

"मग हा कुणाचा?" अण्णांनी विचारलं.

"अर्धा तुमचा, अर्धा माझा."

अण्णांनी बराच वेळ विचार केला. वजनकाट्यावर गाडी उभी राहिली की काटा स्थिर होईपर्यंत थांबावं, तसे थांबले.

"म्हणजे अभी नव्हे," ते म्हणाले.

त्रिशलानं श्वास घेतला. बाळू धावत सुटला, मागे गाडी लागली, ब्रेक करकचले. अण्णांचे डोळे तिच्यावरच होते.

"अण्णा, उद्या आपल्याकडे पाहुणे येणार आहेत. सुकुमार उपाध्ये म्हणून आहे एक. लॅबची मशीन बघतो. तो आणि त्याची आई. मी त्याच्याशी लग्न करायचं ठरवलंय."

अशी वाक्यं पूर्वी साबणापाशी पडायची आणि मंजिरी येऊन त्यांच्यावर पाय देऊन जायची. आता कुणीच आलं नाही. वाक्य खोलीत पडून राहिलं आणि दोघांना ते बघावं लागलं.

"उद्या येणार आणि आज सांगतेस?"

"महिनाभर तोंड उघडतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"टीव्ही बोलू देत नव्हता."

"टीव्हीच्या नावावर खपवू नकोस, त्रिशला."

तिनं खाली बघितलं. मग पुन्हा वर. "मलाही बाळू बघायचा होता."

अण्णा काही बोलले नाहीत. बराच वेळ बोलले नाहीत. त्रिशलाला वाटलं, आता उठतील आणि आत जातील. ती सगळ्यासाठी तयार होती, फक्त या गप्प बसण्यासाठी नव्हती, कारण अशी सवयच नव्हती तिला, संपायची वेळ ठरलेली नसलेल्या गप्पपणाची.

"मी इथं एकटा," अण्णा म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"आम्ही मिरजेतच राहणार आहोत. त्यानं बदली मागितलीय. शेडबाळे काकूंच्या शेजारचं खालचं घर रिकामं आहे, मी विचारून ठेवलंय."

"त्या शेडबाळीला माझ्याआधी कळलं!"

"भाड्याचं विचारलं फक्त!"

"तिला भाड्याचं विचारलं की लग्नाचं कळतं." ते फणकारले. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी शेवटी तोंड पुसलं, सावकाश, दाढी केलेले दोन्ही गाल. "स्वभावानं कसा आहे?"

"मशीनशी बोलतो. माणसांशी जरा कमी."

"अभीसारखा?"

"अजिबात नाही."

"बरं," अण्णा म्हणाले. आणि पुन्हा एकदा, आधीपेक्षा खालच्या आवाजात, "बरं आहे."

मग ते विचारत राहिले. वडील आहेत का? नाहीत. आई कशी? परखड. घरी सकाळी काय करायचं, पोहे की उप्पीट? उप्पीट. गोड? शिरा पुरे, अण्णा. शिरा कसला, शेडबाळीला सांगून पुरणपोळ्या करू, नाहीतर ती जन्मभर बोलून दाखवेल.

त्रिशलाची नजर मधेच एकदा पडद्यावर गेली. अर्धा तास तिकडे कुणी बघितलं नव्हतं. बाळू एका रिकाम्या रस्त्यावर उभा होता. केस कपाळावरून सरकून चापूनचोपून बसले होते. ओठ सरळ झाला होता. आता तो कुणीतरी ड्रायव्हर होता, आणि शेवयांचं पाकीट हातात धरून कुणी बघतंय का याची वाट बघत होता.

तिला वाटलं होतं, हे बघवणार नाही. बघवलं.

रविवार

सुमतीबाई उपाध्ये पुरणपोळी खाऊन झाल्यावर मुद्द्यावर आल्या.

"मगदूम अण्णा, तुमच्या घरची मुलगी मागायला आलेय. नाही म्हणालात तर राग धरणार नाही, पण हो म्हणा."

"मुलगी लांब नेणार नसाल तर हो," अण्णा म्हणाले. "आणि तुमच्या मुलानं आठवड्यातनं एकदा माझ्यासमोर बसून जेवायचं. कोपर टेकून चालेल."

सुकुमारला कोपराचं काही कळलं नाही, पण त्यानं घाईघाईनं मान हलवली. शेडबाळे काकूंनी पदरानं नाक पुसलं. त्रिशला कपबशा उचलायच्या निमित्तानं आत गेली, आणि तिथूनच ऐकत राहिली.

टीव्ही चालूच होता. कुणी गेलं नव्हतं, तर बंद कशाला करायचा? फक्त आवाज कमी होता, आणि मंजिरीचा कालचा भाग पुन्हा लागला होता. सुमतीबाईंची नजर त्याच्यावर गेली, आणि त्यांचा परखड आवाज एकदम उतरला.

"तुमच्याकडंही ते अखंड आहे वाटतं."

"आहे."

"तुमच्याकडचा बाळू असा दिसतो होय?" त्यांनी मान वाकडी करून बघितलं. "आमच्याकडचा वेगळा आहे. जरा वयस्क. चष्मा लावतो."

सुकुमारनं आईकडे पाहिलं. हे त्याला माहीत नसावं. दुसऱ्यांच्या घरातल्या डब्याचं सगळं शास्त्र त्याला ठाऊक होतं, आणि स्वतःच्या घरात आई रोज कुणाला बघते हे त्यानं कधी वळून पाहिलं नव्हतं.

अण्णांनी खुर्ची फिरवली. पाठ टीव्हीकडे, तोंड सुमतीबाईंकडे.

"कसे होते ते?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"चष्मेवाले."

सुमतीबाईंनी पदर सारखा केला, मुलाकडे एकदा बघितलं, दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या त्रिशलाकडे बघितलं.

"घोरायचे," त्या म्हणाल्या. "इतके, की शेजारी भिंत ठोकायचे. टीव्हीतले घोरत नाहीत."

"मग ते नव्हेतच," अण्णा म्हणाले. "बोला. आणखी सांगा."